इंदुरात हॉटेलवाल्यांकडे कार्यक्रमासाठी मदत मागायची तर कशी मागायची

आनंद मेळा असो, गाण्याचा कार्यक्रम असो, नाहीतर एमवाय ह्या सरकारी इस्पितळात भरती असलेल्या पेशंटच्या नातेवाईकांच्या जेवणासाठी निधी गोळा करायचा असो, आपल्याकडच्या मंडळांमधे मीटिंग सुरू झाली की कुणीतरी म्हणतंच, "अरे छप्पनवर जाऊन बोलू ना, देतील ते." छप्पन म्हणजे छप्पन दुकान, आपली खाऊगल्ली. आणि देतातही. इथला दुकानदार देणारा आहे ह्याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. अडचण होते ती आपल्याकडून, कारण आपण जातो आणि म्हणतो "भिया, कार्यक्रम आहे, काहीतरी मदत करा", आणि मग तो बिचारा त्याला सुचेल ते देतो, म्हणजे कार्यक्रम सातचा आणि दोनशे कचोऱ्या चार वाजताच येऊन बसतात, गार होतात, आणि त्यातून संस्थेला एक रुपया मिळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे, नेमकं मागा, त्याला द्यायला सोपं जाईल असं मागा, आणि नंतर हिशोब नेऊन द्या. बाकी सगळं ह्याच्याच पोटात येतं.

जाण्याआधी घरी बसून करायचं काम

आधी एका कागदावर लिहून काढा की पैसे कशासाठी हवेत आणि किती हवेत. "समाजकार्यासाठी" असं नको. "वाचनालयाची कपाटं आणि वर्षभराचं भाडं" असं लिहा, "अमुक इतक्या लोकांचं महिनाभर संध्याकाळचं जेवण" असं लिहा. हॉटेलवाल्याचं डोकं ताटांच्या हिशोबात चालतं, त्याला "किती जणांचं जेवण" हे लगेच समजतं.

मग कागदपत्रं. संस्था मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेली असेल किंवा ट्रस्ट असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन, ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मंजुरी, असेल तर त्याची ऑर्डर, आणि बँक खातं संस्थेच्याच नावाचं. ह्या सगळ्याच्या झेरॉक्स एका फोल्डरमधे ठेवा आणि मोबाइलमधे पीडीएफ पण असू द्या. छोटा दुकानदार बहुतेक वेळा फोल्डर उघडतही नाही, पण फोल्डर आहे एवढं बघूनच त्याचा बोलायचा सूर बदलतो. तुमचं नुसतं मंडळ असेल, नोंदणी नसेल, तर ते सरळ सांगून टाका आणि रोख पैसे मागूच नका, वस्तू किंवा कूपन मागा. वैयक्तिक यूपीआयवर देणगी घेणं मात्र अजिबात नको, कुणी कितीही ओळखीचा असला तरी नको.

काय मागायचं

ह्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. हॉटेलकडून मिळू शकतील अशा गोष्टी मोठ्या मानाने चार.

पहिली म्हणजे जेवणाची किंवा नाश्त्याची कूपनं, जी आपण कार्यक्रमात लिलावाला लावतो. माझ्या मते ही सगळ्यात चांगली. खाण्याच्या धंद्यात कच्च्या मालाचा खर्च साधारण विक्रीच्या एक तृतीयांशाच्या आसपास धरतात, म्हणजे १००० रुपयांचं कूपन दिलं तर मालकाच्या खिशातून खऱ्या अर्थाने तीन-साडेतीनशेच जातात, शिवाय कूपनवाला एकटा येत नाही, घरच्या चार जणांना घेऊन येतो आणि वरचं बिल भरतो. आपल्याला लिलावात त्या कूपनचे सहाशे-सातशे आले तरी मालकाचं जितकं गेलं त्याच्या दुप्पट संस्थेला मिळाले. हे गणित मालकाला सांगायची गरज पडत नाही, तो तुमच्या आधी मनात करून मोकळा झालेला असतो.

दुसरी, प्रत्यक्ष खाणं. हे तेव्हाच मागा जेव्हा पाहुण्यांना काहीतरी खायला द्यायचंच आहे आणि तो खर्च वाचणार आहे.

तिसरी, आनंद मेळ्यात त्यांचा स्वतःचा स्टॉल. माल त्यांचा, माणूस त्यांचा, विक्रीतला ठरलेला हिस्सा संस्थेला. गराडू (तळून खायचा कंद), भुट्ट्याचा कीस, गरम जिलबी, म्हणजे जे तिथल्या तिथे गरमच खायचं असतं त्यासाठी हीच पद्धत. गराडू तळून डब्यात भरून आणला की संपलं त्याचं. हिस्सा आधी ठरवा आणि तो एकूण विक्रीवर ठरवा, नफ्यावर नको, नाहीतर रात्री साडेदहाला तेल आणि गॅसचा हिशोब करत बसाल. मेळ्याची कूपनं मंडळानेच एका टेबलावरून विकायची, स्टॉलवर फक्त कूपन चालेल, म्हणजे पैशांवरून प्रश्नच येत नाही.

चौथी, एखाद्या संध्याकाळच्या बिलातला काही टक्के भाग. हे विजयनगर, पलासियाकडच्या कॉम्प्युटर बिलवाल्या रेस्टॉरंटमधे जमतं. त्यांना सोमवार-मंगळवार संध्याकाळ द्या, जेव्हा टेबलं रिकामी असतात, आणि तुमची माणसं खरोखर येतील ह्याची जबाबदारी तुमच्यावर. ग्रुपवर मेसेज टाकून कुणी येत नाही, घरोघर फोन करावे लागतात.

ह्याखेरीज भांडी, पाण्याचे जार, तासाभरासाठी दोन वाढपी, हे पण मागण्यासारखं आहे आणि लोक ह्याला पटकन हो म्हणतात. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेट-चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे आणि आपल्या शहरात तर ओला-सुका कचरा वेगळा नसला की लोकच टोकतात, त्यामुळे एखाद्या केटररकडून स्टीलच्या ताटल्या मिळाल्या तर ती मोठी मदत समजा.

कुणाकडे जायचं

मंडळाच्या सगळ्या सभासदांना विचारा की तुम्ही नेहमी कुठे खाता, पोहे कुठले, लग्नाचा केटरर कोण होता, मुंजीला कोण होतं, मिठाई कुठून येते. त्या यादीतूनच सुरुवात करा. जिथे तुमच्यातला एकजण दहा वर्षं पोहे-जिलबी खातोय तिथे ओळख करून द्यावी लागत नाही. जाहिरात बघून अनोळखी ठिकाणी जाणं हे शेवटी.

ज्याच्या हातात निर्णय आहे त्यालाच भेटा. जुन्या दुकानांमधे मालक गल्ल्यावरच बसतो, तिथे दोन मिनिटांत हो किंवा नाही होतं. देशभर शाखा असलेल्या साखळी रेस्टॉरंटमधे मॅनेजर कितीही गोड बोलला तरी त्याच्या हातात काही नसतं, त्याच्याकडून फक्त हेड ऑफिसचा ईमेल घ्या आणि दोन-अडीच महिने आधी लिहा. मोठ्या हॉटेलांमधे सेल्स किंवा मार्केटिंगवाल्यांना भेटायचं, बँक्वेटवाल्यांना नाही. छप्पनवर व्यापाऱ्यांची आपसात एकजूट आहे, तिथे एकेकाला गाठण्याआधी त्यांच्या संघातल्या कुणाशी बोललात तर काम सोपं होतं. सराफ्याचं गणित वेगळं, तिथे दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री खाण्याची, त्यामुळे खाण्याचे स्टॉलवाले दिवसा तिथे भेटणारच नाहीत, त्यांचा कारखाना किंवा घर शोधून दुपारी जावं लागतं.

आणि घरगुती डबेवाल्या, पुरणपोळी-मोदकवाल्या मावशी, रामबाग-सुदामानगरकडची छोटी मराठी भोजनालयं ह्यांना विसरू नका, पण त्यांच्याकडे मोठं मागूही नका. त्यांच्यासाठी पन्नास पुरणपोळ्या म्हणजे सबंध दिवसाची कमाई असते. त्यांना मी स्टॉल देईन आणि हिस्सा नावापुरता घेईन.

कधी जायचं

कार्यक्रमाच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरुवात करा. वेळ दुकानाप्रमाणे. पोहेवाल्याकडे सकाळी साताला गर्दीत उभं राहून बोलायला जाऊ नका, साडेअकरा-बारानंतर जा, तेव्हा तो परात आवरत असतो आणि निवांत बोलतो. जेवणाच्या रेस्टॉरंटमधे दुपारी साडेतीन ते पाच. शनिवार-रविवार कुणाकडेच नको.

वर्षाचा अंदाज असा ठेवा. दिवाळीआधीचा महिना मिठाई-नमकीनवाल्यांच्या वाटेला जायचंच नाही. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, आठवडा आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या मिरवणुकीचे दिवस राजवाड्याच्या आसपासच्या सगळ्यांसाठी धंद्याचे. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, झाली की लग्नं सुरू, केटरर आणि भांडीवाले हाती लागत नाहीत. पण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास असतो, लग्नं थांबलेली असतात, केटरर मोकळे, ताटल्या मोकळ्या, आचारी मोकळे, हवा थंड म्हणून खाणं टिकतं आणि गराडूचा हंगाम. जानेवारीचा पहिला पंधरवडा ह्या कामासाठी इंदुरात ह्याच्यापेक्षा चांगला मिळणार नाही. त्यासाठी दिवाळी संपून भाऊबीज झाली की लगेच भेटी सुरू करायच्या.

भेट

दोघांनी जायचं. एक तिथला नेहमीचा गिऱ्हाईक, दुसरा ज्याला सगळे आकडे पाठ आहेत. पाच-सहा जणांचं टोळकं घेऊन गेलात तर समोरच्याला ती वसुली वाटते. गिऱ्हाईक समोर असताना बोलू नका, त्याला नाही म्हणायची लाज वाटेल अशी वेळ आणूच नका, कारण लाजेने दिलेलं हो कार्यक्रमाच्या दिवशी फोन उचलत नाही.

बोलणं हिंदीतच होणार. मिनिटभरात चार गोष्टी सांगून झाल्या पाहिजेत, आम्ही कोण, पैसे कशासाठी, कार्यक्रम कधी आणि किती लोक, आणि तुमच्याकडून नेमकं काय हवंय. मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे, लोक घाईघाईने स्वतःच कमी करायला लागतात, "नसेल जमत तर राहू द्या" वगैरे. थांबा जरा. एका कचोरीवाल्या काकांकडे आम्ही गेलो तेव्हा ते सगळं ऐकताना फडक्याने गल्ल्याची काच पुसत होते, वर बघितलंही नाही, मला वाटलं गेलं हे, आणि मग पुसणं थांबवून त्यांनी एवढंच विचारलं, "कितने लोग, और गरम चाहिए कि ठंडी चलेगी?" म्हणजे ते ऐकत होते आणि मनात कढई चढलेली होती. आमच्याकडे आकडा तयार होता, वेळ तयार होती, "हओ, हो जाएगा" म्हणून विषय संपला.

तीन पर्याय घेऊन जा, मोठा, मधला, छोटा. मोठ्याला नाही म्हणाले की मधला सांगता येतो. रेस्टॉरंट असेल तर "दोन माणसांच्या जेवणाची पाच कूपनं", नाहीतर "दोन", नाहीतर "आमच्या पाहुण्यांना महिनाभर दहा टक्के सूट". छोट्याला हो म्हटलं तरी तितक्याच मनापासून आभार माना. आणि नाही म्हणाले तर चहा पिऊन हसत बाहेर पडा, कारण तुम्ही परत तिथे पोहे खायला जाणारच आहात.

हातात द्यायला एक पानाचं पत्र हवं. मी इथे मराठीत लिहितेय, तुम्ही ते हिंदीत करून लेटरहेडवर काढा.

"आदरणीय मालक महोदय, आमची संस्था रुग्णांच्या नातेवाईकांसाठी संध्याकाळचं जेवण पुरवते. ह्या कामाच्या निधीसाठी अमुक तारखेला, अमुक सभागृहात, साधारण तीनशे लोकांच्या उपस्थितीत कार्यक्रम आहे. आपल्याकडून दोन व्यक्तींच्या जेवणाची पाच कूपनं मिळावीत ही विनंती. ती कार्यक्रमात लिलावाने दिली जातील आणि आलेली सगळी रक्कम जेवणाच्या खात्यात जमा होईल. आपल्या हॉटेलचं नाव मंचावरच्या फलकावर आणि निमंत्रणपत्रिकेवर असेल. कार्यक्रमानंतर आठवड्याभरात हिशोब आपल्याला आणून देऊ. आपला होकार अमुक तारखेपर्यंत कळवावा." खाली दोघांची नावं, फोन, सही, शिक्का. एवढंच. संस्थेचा इतिहास ह्यात घालू नका.

भेट झाली की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक ओळ आणि पत्राचा फोटो. उत्तर नाही आलं तर पाच-सहा दिवसांनी एकदा आठवण, मग आणखी एकदा, नंतर सोडून द्या. कोण कुठे गेलं, काय मागितलं, काय म्हणाले, हे सगळं गूगल शीटमधे किंवा साध्या वहीत रोजच्या रोज लिहा, नाहीतर एकाच दुकानात मंडळाची तीन वेगवेगळी माणसं जाऊन तीन वेगळ्या गोष्टी मागून येतात आणि मालकाचा विश्वास उडतो.

टॅक्सचं काय सांगायचं

इथे चुकीचं आश्वासन देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. ८०जीची सवलत पैशाच्या रूपात दिलेल्या देणगीलाच मिळते, कचोरी, कूपन, स्टॉल ह्यांना नाही. पैसे रोख दिले आणि ते २००० रुपयांपेक्षा जास्त असतील तरी नाही, त्यामुळे चेक किंवा संस्थेच्या खात्यावर यूपीआय. मालक नव्या कर व्यवस्थेत असेल तर त्याला वैयक्तिक पातळीवर ८०जीचा तसाही उपयोग नाही. तेव्हा वस्तू घेतली की आभाराचं पत्र द्या, त्यात काय मिळालं आणि किती नग ते लिहा, किंमत त्यांची त्यांना लिहू द्या, आणि ८०जीची पावती फक्त पैशांची. कुणी म्हणालं की मला जाहिरात म्हणून दाखवायचंय, तर स्मरणिकेत खरोखर जाहिरात छापा आणि त्याची वेगळी पावती करा, ती देणगी धरायची नाही, आणि जीएसटीचं तुमच्या सीएला विचारून घ्या.

कूपन कसं लिहायचं

कूपनवर काय काय असावं ह्याचा आधी विचार नाही केला तर घेणारा काउंटरवर जाऊन उभा राहतो आणि वेटर म्हणतो, हे काय आहे मला माहीत नाही. ज्याने लिलावात पैसे मोजलेत त्याचा तो अपमान, आणि हॉटेलची पण बदनामी. म्हणून कूपनवर अनुक्रमांक, मालकाची सही आणि शिक्का, रक्कम किंवा "दोन थाळ्या" असं स्पष्ट, जीएसटी आत की वेगळा, मुदत शक्यतो सहा महिने, शनिवार-रविवारी आणि सणाला चालेल का, फक्त बसून खाण्यासाठी की पार्सलला पण, आणि स्विगी-झोमॅटोवर चालणार नाही, हे सगळं छापा. छपाई आपण करायची, त्यांच्यावर टाकायची नाही. छापून झालं की एक नमुना काउंटरवरच्या माणसाच्या हातात देऊन या, तो गल्ल्याच्या काचेखाली ठेवेल.

खाणं येणार असेल तर

ज्यांच्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, चौदा आकडी नंबर आहे त्यांच्याकडूनच घ्या, तो बिलावर किंवा भिंतीवर असतो. छप्पन आणि सराफा दोन्हींना एफएसएसएआयचं क्लीन स्ट्रीट फूड हबचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना हा प्रश्न नवीन नाही, विचारायला संकोच नको. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहिला पाहिजे, मधल्या तापमानात तो जितका वेळ पडून राहील तितका धोका. म्हणून दहीवडा, रबडी, पनीरचं काही असेल तर बर्फाची पेटी आणि वाढायच्या फार तर अर्धा तास आधी पोचणं, नाहीतर घेऊच नका. शेव, नमकीन, खोपरा पॅटीस, कचोरी, मावाबाटी ह्यांचा त्रास कमी. पॅटीस-कचोरी जागेवर तळून देणारा एक माणूस मिळाला तर मागून घ्या.

प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी लावा, शेंगदाणा आहे का, कांदा-लसूण आहे का, उपासाला चालेल का, जैन चालेल का. आपल्या कार्यक्रमाला निम्मे शेजारीपाजारी जैन आणि अग्रवाल असतात, त्यांना विचारत फिरायला लागू नये. उरलेलं अन्न कुठे जाणार हे सकाळीच ठरवा. उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे एफएसएसएआयचे २०१९चे वेगळे नियम आहेत, अन्न वाटणाऱ्या संस्थांना ते माहीत असतात, त्यांना आधी फोन करून वेळ ठरवा. ताटात वाढून झालेलं, उष्टं, उघडं पडलेलं कुणालाही द्यायचं नाही.

लिलाव, लकी ड्रॉ नाही

बरेच जण म्हणतात, पन्नास रुपयांची तिकिटं विकू आणि सोडत काढू. नको. पैसे घेऊन तिकीट विकून नशिबावर बक्षीस देणं ही लॉटरी झाली आणि सरकारी परवानगीशिवाय ती चालवणं गुन्हा आहे. त्याऐवजी चिठ्ठ्यांचा लिलाव करा. टेबलावर प्रत्येक कूपनासमोर एक कागद, ज्याला हवं त्याने नाव आणि रक्कम लिहायची, आधीच्यापेक्षा निदान पन्नास रुपये वर, आणि मध्यंतर संपलं की कागद उचलायचे. सुरुवात छापील किमतीच्या निम्म्यापासून ठेवा.

एकेकटी कूपनं मांडण्यापेक्षा जोडून मांडली तर जास्त येतात. सकाळचे पोहे-जिलबी, दुपारची थाळी, संध्याकाळी छप्पनवरची चाट आणि रात्री सराफ्यातली साबुदाणा खिचडी, असा एका कुटुंबाचा अख्खा दिवस एका पाकिटात घाला. बाहेरगावी असलेल्या मुलांसाठी आईवडील हे पाकीट हौसेने घेतात, सुट्टीत आले की वापरतील म्हणून. मंचावरून प्रत्येक दुकानाचं नाव नीट उच्चारून घ्या, मालकाला कुटुंबासहित बोलवा आणि पुढच्या रांगेत बसवा.

नंतर

आठवड्याभरात परत जायचं, त्याच दोघांनी. बरोबर एक पानाचा हिशोब, ज्यात ह्या दुकानाच्या कूपनांना किती आले ती ओळ वेगळी लिहिलेली, एकूण किती जमले, खर्च किती झाला, काम कुठपर्यंत आलं. दोन फोटो, त्यातला एक त्यांच्या नावाच्या फलकाचा. काही दुकानदार तो हिशोब वाचत नाहीत, घडी घालून गल्ल्यात ठेवतात, पण पुढच्या वर्षी तोच कागद बाहेर येतो आणि ते स्वतः विचारतात की ह्या वेळी किती पाहिजेत. तोंडी धन्यवाद किंवा ग्रुपवरचं फुलांचं चित्र ह्याची बरोबरी करत नाही.

ज्यांनी नाही म्हटलं होतं त्यांनाही आभाराची एक ओळ पाठवा, वेळ दिला म्हणून. मुदत संपत आली की कूपनं घेतलेल्यांना एक आठवण पाठवा. आणि लिलावात जी कूपनं गेलीच नाहीत ती कुणा सभासदाच्या घरी पडून राहू देऊ नका, त्यांच्यावर आडवी रेघ मारून, अनुक्रमांक वहीत लिहून, हिशोबाच्या कागदाबरोबरच मालकाला परत देऊन या.